पहिला पाव

उस्तादीणबाईंना खऱ्या नावानं हाक मारणारं माणूस त्या गल्लीत आता कुणी उरलं नव्हतं. नवरा पावाच्या भट्टीचा उस्ताद, म्हणून ही उस्तादीण. सगळा जन्म त्या एका नावावर निभावला. लग्न होऊन आली ती थेट गल्ल्यावर बसली. पाव कागदात बांधून द्यायचे, गिऱ्हाइकांच्या गुडघ्यांची आणि सुनांची चौकशी करायची, शिळे पाव वेगळे काढायचे. पाव करणं हे तिचं काम नव्हतं. तो मान उस्तादांचा, आणि मानाच्या बाबतीत उस्ताद भलतेच हळवे होते.

भट्टीत तिच्या वाटणीला एकच गोष्ट आली होती, ती म्हणजे मीठ. त्यालाही कारण घडलं होतं. फार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी उस्तादांनी पिठात मीठ टाकलं, आणि दादा विसरला असेल म्हणून त्यांच्या धाकट्या भावानं ते परत टाकलं. दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली पाणी पीत आणि शिव्या देत फिरत होती. तेव्हापासून नियमच झाला की मीठ एकाच हातून पडेल आणि तो हात पीठ मळणाऱ्याचा नसेल. रोज संध्याकाळी गल्ला आवरून उस्तादीण आत जायची, पिठाच्या एका पोत्याला एक किलो या हिशेबानं मीठ तोलायची आणि पिठात ओतायची. मीठ नसेल तर खमीर मोकाट सुटतं, पीठ फुगून पसरतं, पावाला रंग येत नाही, हे ऐकून ऐकून तिला पाठ झालं होतं. आपल्या हातून कधी चूक झाली नाही याचा तिला मनातून अभिमान होता. बोलून दाखवायची सोय नव्हती, कारण त्या घरात अभिमान एकाच माणसाला परवडत होता.

दुसरा नियम पहिल्या पावाचा. उजाडल्यावर भट्टीतून पहिली खेप बाहेर आली की त्यातला एक मोठा पाव उस्तादांच्या हातात जायचा. ते उभ्यानंच तो मोडायचे, वाफ हुंगायचे आणि डोळे मिटून अख्खा पाव संपवायचे. एका घासावर पावाची परीक्षा होत नाही, कडेचा घास वेगळा आणि पोटातला वेगळा, असं त्यांचं म्हणणं. शेवटचा तुकडा गिळला की म्हणायचे, "जाऊ दे." तोवर दुकानात एक पाव जायचा नाही. पुढं उस्ताद थकले, भट्टीवर मुलगा उभा राहायला लागला, पण "जाऊ दे" म्हणायचा हक्क त्यांनी कुणाला दिला नाही. मुलगा लांब दांड्याचं फावडं हातात धरून बापाच्या तोंडाकडं बघत उभा राहायचा.

मग उस्तादांच्या हृदयानं कुरकुर सुरू केली. जिना चढताना धाप, संध्याकाळी पायांवर सूज, पायताण पायात शिरेना. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून खुर्चीत उशा रचून बसल्या बसल्या झोपायचं.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. त्यांनी दोघांना समोर बसवून सांगितलं, "आजोबा, हृदय म्हणजे पंप. तुमचा पंप दमलाय. मीठ खाल्लं की अंग पाणी धरून ठेवतं. ते पाणी या दमलेल्या पंपाला उपसावं लागतं. उपसलं गेलं नाही की पायात उतरतं, छातीत साचतं. गोळ्या मी देते, पण मीठ तुम्ही आवरायचं. दिवसभरात सगळं मिळून एक छोटा चमचा, तोही सपाट. त्याच्या खाली राहिलात तर फारच उत्तम."

मग खाण्यापिण्याची उलटतपासणी झाली. लोणचं? बंद. खारवलेली मासळी? बंद. पाव?

"पाव आमच्यात कुणी खात नाही," उस्तादीण म्हणाली.

यात खोटं काही नव्हतं. ज्या घरात चोवीस तास पावाचा वास भरलेला असतो, त्या घरात पानात भातच लागतो. आणि रोजचा तो पहिला पाव? तो ना तिला आठवला, ना शेजारी बसलेल्या उस्तादांना. कारण ते खाणं नव्हतंच, ते काम होतं. शिंपी दातात सुई धरतो म्हणून तो सुया खातो असं कुणी म्हणत नाही.

घरी येऊन तिनं मिठाची बरणी माळ्यावर टाकली. पहिले दिवस जेवण म्हणजे दोघांनाही शिक्षा होती. भाजी लाकडासारखी लागायची, भात कागदासारखा. उस्ताद एक घास घ्यायचे आणि तिच्याकडं असं बघायचे, की जणू तिनंच त्यांचं हृदय बिघडवलं. तीही तेच अळणी गिळत होती. दोन वेगळी भांडी शिजवायची ताकद तिच्यात उरली नव्हती, आणि नवऱ्यासमोर बसून आपण चवीचं खावं हे तिला बरंही दिसेना.

गंमत अशी, की औषध घेतलं एकानं आणि गुण आला दुसऱ्याला. काही आठवड्यांनी तिच्या लक्षात आलं, की आपल्याला हे जेवण जमायला लागलंय. गाजर गोड लागतंय. कांदा शिजवला तर त्यालाही स्वतःची चव असते, हे तिला या वयात कळलं. सारखी तहान लागायची ती कमी झाली. साबणाशिवाय न निघणारी अंगठी भांडी घासताना बोटातून सुटायला लागली. सकाळचं डोकं जड असायचं, ते हलकं झालं. सून म्हणाली, "आई, तुमचा चेहरा उतरला की हो," आणि मग निरखून बघून म्हणाली, "नाही, सूज उतरलीय."

उस्तादांची मात्र उतरत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी रोज वजन करायला सांगितलं होतं. घरात काटा नव्हता, पण भट्टीत पोती तोलायचा होता. रोज सकाळी उस्ताद त्या काट्यावर पोत्यासारखे उभे राहायचे आणि ती आकडा बघायची. आकडा वर सरकायचा. मग ती त्यांच्या नडगीवर अंगठा दाबायची, आणि मळलेल्या पिठात बोट खुपसावं तसा खड्डा पडायचा. तो भरून यायची वाट बघत ती तिथंच बसून राहायची. दिवसभर गल्ला, संध्याकाळी मीठ, रात्री खुर्चीतल्या माणसाचा श्वास मोजायचा. श्वास अडखळला की ती उठून बसायची. ती इतकी थकली होती, की कधी कधी पाव बांधता बांधता तिला वाटायचं, गिऱ्हाइकाला म्हणावं, तुम्हीच घ्या हो कागद आणि तुम्हीच बांधा.

एका पहाटे उस्तादांना श्वासच घेता येईना. दवाखान्यात नेलं, सुया टोचून अंगातलं पाणी काढलं. डॉक्टरीणबाई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "कुठून तरी मीठ जातंय. मी रागवत नाही, पण शोधा. गोळ्या वाढवायला आता जागा नाही. असं पुन्हा झालं, तर प्रत्येक वेळी आमच्या हातात असेलच असं नाही."

खाटेशेजारी उस्तादांची थोरली बहीण बसली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण दुसऱ्याचं चुकलेलं तिला चार गल्ल्या पलीकडून कळायचं.

"तुझा हातच सैल," ती म्हणाली. "त्यानं तोंड वाकडं केलं, की टाकत असशील चिमूटभर. माया करायची म्हणून माणूस मारशील माझा."

"वन्सं," उस्तादीण म्हणाली, "माझ्या हातून मिठाचा एक कण गेला असेल, तर हा हात झडून जाऊ दे."

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "थोडंसं गेलं असेल तरी सांग. कुणी ओरडणार नाही तुला."

उस्ताद जागे होते. त्यांनी कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले.

ते तिला लागलं. नणंदेचं बोलणं म्हणजे काही नवं नव्हतं, पण पोटच्या पोरानं आरोपीला सूट दिल्यासारखं बोलावं? आणि ज्याच्यासाठी ती जिभेचे चोचले विसरली, त्यानं मिठाची गुळणी धरावी? ती घरी आली, गल्ला आवरला, आत जाऊन रोजच्यासारखं मीठ तोललं, पिठात ओतलं आणि न जेवता झोपली.

उस्ताद घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी भिंत धरत धरत भट्टीत गेले. नको म्हणून उपयोग नव्हता. त्यांची सकाळची गोळी वरच राहिली होती, म्हणून ती मागून गोळी आणि पाणी घेऊन उतरली. कालही तिच्या घशाखाली धड काही उतरलं नव्हतं. पहिली खेप नुकतीच निघाली होती. मुलगा फावडं टेकून उभा होता. उस्ताद डोळे मिटून खात होते, आणि मोडताना उडालेला पावाचा एक तुकडा टेबलावर पडला होता. तिला भूक लागली होती. तिनं तो उचलून तोंडात टाकला.

आणि तिचं तोंड खारानं भरलं.

तिला वाटलं, आज घोटाळा झाला. आपण दोनदा टाकलं की काय? तिनं आठवून पाहिलं. नाही, काल रोजचंच माप होतं. मग तिनं आणखी एक तुकडा तोडला, हळूहळू चावला. पाव रोजचाच होता. बदलली होती ती तिची जीभ. कितीतरी महिने मीठ न लागलेल्या त्या जिभेनं जे आत होतं ते तसंच सांगितलं.

तिथल्या तिथं तिचा हिशेब सुरू झाला. पोत्याला एक किलो. पोत्यातून निघतात इतके पाव. म्हणजे एका मोठ्या पावात किती? छोटा चमचा, सपाट. दिवसभराचं सगळं मीठ, सकाळी, उभ्यानं, रिकाम्या पोटी. आणि त्यावर गोळी. कुणाच्या हातचं? तिच्याच. एक कण गेला असेल तर हात झडो म्हणणाऱ्या बाईनं रोज संध्याकाळी तोलून मापून नवऱ्याला मीठ चारलं होतं, आणि चूक होऊ नये म्हणून काटाही दोनदा बघितला होता. ती पिठाच्या पोत्यावर बसली. तिला हसू आलं आणि रडूही, पण दोन्हीला लागणारं बळ नव्हतं.

"जाऊ दे," उस्ताद म्हणाले. मुलगा पावांच्या पाट्या घेऊन दुकानाकडं गेला.

"तुम्ही पाव खाता," ती म्हणाली.

"कोण मी? छे."

"आत्ता खाल्लात. अख्खा."

"तो काय खायचा पाव आहे का? ती तपासणी."

"तपासणी पोटात जाते ना? त्यातलं मीठ काय दाराबाहेर थांबतं?"

उस्ताद गप्प झाले. त्या गप्प होण्यात आश्चर्य नव्हतं, आणि तेच तिच्या ध्यानात आलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिला बाकी काही नाही तरी हा माणूस गप्प कसा बसतो ते वाचता येत होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

"आधी नव्हतं. शपथेवर सांगतो. तिथं खाटेवर पडलो, डॉक्टरीणबाई तुझ्याशी बोलत होत्या, तेव्हा डोक्यात आलं."

"म्हणजे तुमची बहीण मला खुनी म्हणाली, तेव्हा तुम्हाला माहीत होतं. पोरगं मला कबूल कर म्हणालं, तेव्हा माहीत होतं. आणि तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत."

"सांगितलं असतं, तर तुम्ही सगळ्यांनी पाव काढून घेतला असता." ते म्हणाले. "अगं, ते अळणी जेवण मी गिळतोय कशाच्या जोरावर? सकाळी तो पाव आहे म्हणून. ओझं उचलायचं नाही म्हणालात, नाही उचलत. भट्टीसमोर उभं राहायचं नाही, नाही राहत. चाखणंही गेलं, तर मी कोण? खुर्चीतलं गाठोडं. मग जगायचं तरी कशासाठी?"

"माझ्यासाठी," ती म्हणाली. "जमतंय का बघा."

ती चिडून बोलली असती, तर उस्तादांनी उत्तर दिलं असतं. भांडण त्यांना जमायचं. पण तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता.

"मला कंटाळा आलाय हो," ती म्हणाली. "कामाचा नाही, तुमच्या मरणाला घाबरायचा. रात्रभर तुमचा श्वास ऐकते. थांबला की उठते, सुरू झाला की आडवी होते. पाठ टेकली तरी झोप लागत नाही. हे सगळं एका पावासाठी चाललंय असं आज कळलं. खायचा असेल तर खा. पण उद्यापासून मीठ तुम्ही तोला. माझ्या हातानं मी नाही तोलणार."

गोळी टेबलावर ठेवून ती दुकानात गेली. संध्याकाळी मीठ मुलानं तोललं. का, ते त्यानं विचारलं नाही. बहुतेक बापानं सांगितलं असावं, कारण जाताना तो आईच्या खांद्यावर उगाचच हात ठेवून गेला.

दुसऱ्या सकाळी ती भट्टीत जाणारच नव्हती. पण मुलगा बोलवायला आला, "बाबा म्हणताहेत, ये." पहिली खेप टेबलावर वाफाळत होती. उस्तादांनी पाव हातात घेतला. कवच कसं तडतडतं ते कानाशी धरून ऐकलं, बुडावर बोटांनी टकटक केलं, मोडला, हुंगला. सगळं नेहमीसारखं. आणि मग तो अर्धा पाव त्यांनी तिच्यापुढं धरला.

"मला काय कळतं त्यातलं?" ती म्हणाली.

"जीभ आहे ना? सांग."

तिनं कडेचा घास घेतला, मग पोटातला. चावला, आणि उरलेला पाव खाली ठेवला. अख्खा खायची तिला गरज वाटली नाही.

"खारट आहे," ती म्हणाली.

"आई, माप तेच आहे," मुलगा म्हणाला. "तुझी जीभ बिघडलीय."

"बिघडली नाही. धुऊन निघालीय. इतकी वर्षं खारटच होता, आपल्याला सवय होती."

मुलानं बापाकडं बघितलं. उस्तादांनी तिच्याकडं बघितलं. एवढी मोठी शिवी त्यांच्या पावाला आजवर कुणी दिली नव्हती.

"आज जाऊ दे," ती म्हणाली. "पण मीठ थोडं थोडं खाली आणू. एकदम नको, पीठ बिथरेल आणि माणसंही. दर आठवड्याला मूठभर." आणि एक लक्षात येऊन ती पुढं म्हणाली, "मी तोलते."

त्यानंतर उस्तादांच्या अंगातून पाणी असं निघालं, की ते मोरीच्या वाटेवरच राहायला गेले. गोळ्या त्याच, पण आता त्यांना काम करायला वाव मिळाला होता. काट्यावरचा आकडा खाली आला. घोट्याची हाडं दिसायला लागली. एक दिवस खुर्चीतून उठताना डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते दाराला धरून खाली बसले. उस्तादीण घाबरून त्यांना घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि एक गोळी निम्मी केली. "दाब उतरलाय. आता एवढी नको," त्या म्हणाल्या. "पण मनानं काही कमी-जास्त करू नका, मला विचारा." मग त्यांनी विचारलं, "काय सापडलं शेवटी?" तिनं सांगितलं. "अहो, मी पाव विचारला होता की!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विचारला होतात," उस्तादीण म्हणाली. "आम्हीच ऐकला नाही."

सूज गेल्यावर उस्ताद एवढेसे दिसायला लागले. इतके दिवस तो भरदार माणूस निम्मा पाण्याचाच होता, हे तिला तेव्हा दिसलं. अळणी जेवण ते अजूनही शिव्या देत जेवायचे, पण गाजराला आता शिवी देत नसत. आणि एक दिवस ते एका उशीवर आडवे झाले आणि तसेच झोपले. त्या रात्री ती जास्तच जागी राहिली, कारण काही ऐकूच येत नव्हतं. दोनदा उठून तिनं त्यांच्या नाकाशी हात धरला.

सकाळी तिनं पाव चाखला, "जाऊ दे" म्हणाली आणि गल्ल्यावर येऊन बसली. पहिल्याच गिऱ्हाइकाचा पाव बांधताना तिचे डोळे मिटले आणि कागद हातातून खाली गेला. मागं उस्ताद उभे होते. दुकानाच्या या बाजूला ते कधी येत नसत. गल्ला म्हणजे बायकी काम, असं ते सगळा जन्म म्हणत आले होते.

"ऊठ," ते म्हणाले. "आत जाऊन पड जरा."

"आणि इथं कोण बसणार?"

"मी बसतो. बसायला डॉक्टरीणबाईंनी मना नाही केलं."

ती आतल्या बाकावर आडवी झाली. पुढून आवाज येत होते. उस्तादांना कागदाची घडी जमत नव्हती, सुटे कुठं ठेवलेत ते सापडत नव्हतं, आणि गिऱ्हाइकं त्यांना शिकवत होती. मग कुणा बाईचा चढा आवाज आला.

"उस्ताद, अलीकडं पाव फिका लागतो हो. काही बिनसलंय का?"

झोपेच्या काठावर तिनं कान टवकारले. त्या पावाला कुणी बोललेलं उस्तादांनी कधी सोसलं नव्हतं. आता ते म्हणणार, मी खाट धरली, आणि या बायकांनी माझ्या पावाची वाट लावली.

"हळू बोला बाई," उस्ताद म्हणाले. "ज्यांनी चाखलाय त्या आत झोपल्यात. त्यांनी जाऊ दे म्हटलं, म्हणजे पाव बरोबर आहे."

तिनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि झोपली.